शेलका आजार

मु. पो. पिंपरी पेंढार, ता. जुन्नर
१५ डिसेंबर २००५, मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

चि. साळूस, गोजरआक्काचा आशीर्वाद.

माझं नाव गोजरबाई. मी तुझी थोरली बहीण. एका आईच्या पोटच्या आपण दोघी, एका ताटात जेवलेल्या. हे आधीच सांगून ठेवते, कारण दिवाळीला निरोप पाठवते म्हणालीस त्यानंतर दुसरी दिवाळी उलटली. लहानपणी तू शेळ्या रानात विसरून घरी यायचीस, तेव्हा आई म्हणायची, ही पोरगी उद्या नवरा बाजारात विसरून येईल. नवरा नाही विसरलीस. बहीण विसरलीस.

अश्विनी, पोरी, पत्र तूच वाचणार, तर मोठ्यानं वाच. तुझ्या सासूचा डावा कान गेलाय आणि उजव्या कानानं ती सोयीचं तेवढंच ऐकते.

इकडे सगळी खुशाल आहेत. बाळासाहेबाचा टोमॅटो यंदा बरा निघाला, नारायणगावला चांगल्या गाड्या गेल्या. नातू ऋषी चाकणला कंपनीत लागला, आता त्याच्यासाठी मुली बघणं चाललंय. म्हशीला रेडकू झालं. बाळासाहेबाच्या खिशात मोबाईल आहे, पण घोडेगावच्या वर तुमच्या डोंगरात त्याचा आवाज चढत नाही म्हणे, म्हणून हे पत्र. लिहायला सूनबाई बसलीय, रत्ना. तिचा गुरुवारचा उपास आहे, तरी बिचारी लिहितेय. मी ‘व्हतं’ म्हणाले की ती ‘होतं’ लिहिते. तेव्हा या पत्रात मी शाळा शिकल्यासारखी वाटले तर दचकू नको.

आता माझी खुशाली. मी बरी आहे. म्हणजे बसलेली असले की बरी आहे.

साळू, माझं पोट आता माझं राहिलेलं नाही. ते सासू झालंय. काही घाला, त्याच्या मनाला येत नाही. खाल्लं की फुगतं, नाही खाल्लं तर गुरगुरतं, आणि मनात आलं की उभ्या उभ्या पळायला लावतं. आधी वाटलं, बाधलं असेल काही. ओवा झाला, सुंठ झाली, मुरडशेंग झाली, ताकातून हिंग झाला. दृष्टसुद्धा काढली. मी म्हटलं, या सुरकुत्यांना कोण दृष्ट लावील? नारायणगावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, वय झालं. ते तर मला आधीच ठाऊक होतं. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, तेव्हा बाळासाहेब घाबरला आणि मला पुण्याला घेऊन गेला.

तिथं तोंडातून नळी घातली. नळीला म्हणे डोळा असतो. एवढ्या वर्षांत कोणी माझ्या मनात डोकावलं नाही, त्यांनी आतड्यात डोकावून पाहिलं. चिमूटभर आतडं तपासायलाही काढून घेतलं. मग एक पोरसवदा डॉक्टर कागद घेऊन आला आणि म्हणाला, “आजी, तुम्हाला सिलियाक आहे.”

मला ऐकू आलं, शेलका. मी म्हटलं, “शेलका? अरे बाबा, साठ वर्षं संसार केला, एक लुगडं कधी शेलकं निवडून मिळालं नाही. आजार मात्र शेलका?”

तो हसला. हसला तेव्हा बरं वाटलं. मग त्यानं सांगितलं आणि हसायचं संपलं. माणसाच्या आतड्याला आतून बारीक लव असते, मखमलीसारखी. अन्नाचा कस ती शोषून घेते. माझी ती लव झडून गेलीय. मी विचारलं, “म्हणजे उंदरानं खाल्लेली घोंगडी?” म्हणाला, “तसंच समजा.” आणि उंदीर कोण, तर गहू.

गहू, साळू. आपला सणाचा गहू. आई मडक्यात राखेत घालून ठेवायची आणि पाव्हणा आला तरच काढायची, तो गहू.

माझे दात गेले तेव्हा रत्नानं ठरवलं, आत्याबाईंना आता भाकर नको. रोज मऊसूत पोळी, तूप लावून, दुधात कुस्करून. सकाळी चहात टोस्ट. दुखलं-खुपलं की रव्याची खीर, शेवया. मी बायकांना सांगायचे, बघा, देवानं उशिरा का होईना मला पोळीवर बसवलं. कशावर बसवलं ते आता कळलं. जसजशी मी वाळत गेले, तसतसे लोक भेटायला यायला लागले, आणि आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं कोण येतं? ज्याची माया जास्त त्याचा बिस्किटाचा पुडा मोठा. मीही कोणाचा मान मोडला नाही. सगळ्यांची बिस्किटं खाल्ली.

दवाखान्याच्या पायरीवर रत्ना बसकण मारून रडली. “आत्याबाई, मी माझ्या हातानं हो…” ही ओळ ती लिहीत नव्हती. मी म्हटलं, लिही, तुझ्या मावससासूला कळू दे मला सून कशी मिळालीय ते. अगं, तू मऊच केलं होतंस सगळं, मीच आतून चिवट निघाले नाही, त्याला तू काय करशील?

तर आता गहू बंद. रवा, मैदा, शेवया, बिस्किटं, सत्यनारायणाचा शिरासुद्धा बंद. ज्या हिंगाला मी इतके दिवस औषध म्हणून चाटत होते, त्या डबीतही गव्हाचं पीठ कालवलेलं निघालं. बाजरी, नाचणी, भात चालेल. पण तवा वेगळा पाहिजे, परात वेगळी, पोळपाटाचा वाराही लागता कामा नये. पीठसुद्धा गिरणीतलं नको, कारण गिरणीत आपल्या आधी कोणाचा तरी गहू पडलेला असतो आणि त्याचा भुगा आपल्या पिठात उतरतो. घरातलं जातं गोठ्याच्या दाराला पायरी म्हणून पुरलं होतं, रत्नानं ते उकरून काढलं, घासलं. मागच्या पडवीत तीन दगड मांडून मला निराळी चूल करून दिली. काल तिथं पहिली भाकर भाजली. मी बोळक्या तोंडानं चघळत चघळत खाल्ली आणि, साळू, पोट गप्प बसलं.

बाजरी जरा जड पडते. तुमच्याकडे नाचणी पिकते, ती पायलीभर पाठव. दळू नको. अश्विनी, हे दोनदा वाच. दळू नको. मंचरला येणाऱ्या एसटीत ड्रायव्हरपाशी दे, बाळासाहेब उतरवून घेईल.

तू ये असं म्हणत नाही. तुझे गुडघे आणि माझं पोट, दोघांना एसटीत जागा नाही.

तुझी न विसरलेली,
गोजरआक्का

*

पिंपरी पेंढार
३ मार्च २००६, शिवरात्र होऊन गेली

चि. साळूस,

पीठ पोचलं. व्हय, पीठ. म्या नाचणी सांगितली व्हती, अख्खी, आणि दळू नको म्हणून दोनदा वाचायला लावलं व्हतं. तू ड्रायव्हरपाशी निरोप दिलास, आक्काला दळायचा तरास नको म्हणून गिरणीतून बारीक करून आणलं. तुझी माया लई बारीक दळलेली व्हती गं. आंबील पिताना इतकी गोड लागली की रत्नानं विचारायच्या आधीच मी दोन दिवस पिऊन बसले. मग चार दिवस पोटानं मला तुझी आठवण करून दिली. राग न्हाई. शेळ्या विसरणारी पोर तू, तिला मीच पायलीभर जोखीम दिली.

या खेपेला लिहिणारा हात गेणभाऊचा हाय. आमच्या गावचा पोस्टमन, आता रिटायर झाला. पूर्वी पत्रं वाटायचा, आता लोकांची लिहून देतो. ह्यो मी बोलते तसंच लिहितो, म्हणून या पत्रात माझं तोंड जसंच्या तसं हाय. रत्नाला सांगितलं, देवळात जाते. तिच्या हातानं हे लिहवलं नसतं.

माझी चूल ऱ्हायली न्हाई.

झालं काय, पडवीतल्या चुलीचा धूर निघायला लागला. धुराला कुठं अक्कल असते, तो मागच्या गल्लीत गेला. पाणी भरायला आलेल्या बायांनी पाह्यलं, म्हातारी एकटी परसात तीन दगडांवर भाकर भाजती. झालं. गावभर झालं, बाळासाहेबानं आईला येगळं टाकलं. पुतण्यांपैकी एक तर पुण्याहून फोन करून विचारतो, काकू, वाटणी झाली का?

आता तू म्हणशील, सांगायचं की, आजार हाय म्हणून. सांगितलं. रत्नानं घसा फुटोस्तोवर सांगितलं. ऐकणाऱ्याला ते कसं वाटतं सांगू? गव्हानं माणूस आजारी पडतो! लोक म्हणाले, नवीन बहाणा काढला. कुशाबाई माझ्या तोंडावर म्हणाली, “गोजरबाई, आमी गरिबीत भाकर खाऊन आजारी पडलो, तुमी श्रीमंतीत पोळी खाऊन. तुमची सून हुशार हाय हो.”

मग भाऊकीतले चांगदेवनाना आले. माझ्या मालकांचे चुलतभाऊ, आता घरात तेच मोठे. ओटीवर बसले, पाणी प्याले, आणि बाळासाहेबाला म्हणाले, “बाळ्या, या घरात चार भाऊ, चार जावा नांदल्या, पण चूल एक. तुझ्या आईनं राखली ती. आणि तू तिचीच चूल येगळी केलीस?”

बाळासाहेब म्हणाला, “नाना, डॉक्टरनी सांगितलंय.”

“डॉक्टर काय भाऊकीत हाय का?”

साळू, आणि पुढं तर त्यांनी माझंच वाक्य माझ्यापुढं वाढलं. मी म्हणायचे ना, ज्या घरात दोन चुली त्या घरात दोन देव, आणि दोन देवांत एकाला बी जेवण मिळत न्हाई. कितीकांची भांडणं मी त्या वाक्यावर मिटवली. नाना म्हणाले, “वहिनी, हे तुमीच म्हणत व्हता ना?” मी म्हटलं, व्हय. दुसरं काय म्हणू?

त्याच आठवड्यात कळंबचे पाव्हणे घर बघायला येणार व्हते. ऋषीला सांगून आलेली मुलगी, श्रेया नाव तिचं. चांगलं घर. त्यांनी मागं पडवीत दुसरी चूल पाह्यली असती तर काय समजले असते? की घर फुटलंय, न्हाई तर म्हातारीला काही लागट रोग हाय. बाळासाहेब माझ्या खाटेपाशी येऊन उभा ऱ्हायला. बोलायला आला व्हता, बोलता येईना. टोप्यांच्या ढिगात आपली टोपी शोधावी तसा शब्द शोधत व्हता. शेवटी म्हणाला, “आये, लग्न होईस्तोवर…” आणि तिथंच थांबला.

मग मी उठले. तीन दगड व्हते, एक एक करून गोठ्याशी नेऊन ठेवले. तिसऱ्याला दम लागला. त्यो आला उचलू लागायला, मी हात लावू दिला न्हाई. त्याला तोंड उघडता येईना म्हणून मी दगड उचलले. राखेवर पाणी मारलं, वरनं शेण सारवलं. कोण म्हणंल इथं चूल व्हती?

आता रत्ना चोरून गॅसवर एका पातेल्यात माझी आंबील करती. पण लग्नघर हाय. पाव्हण्यांच्या बाया सैपाकघरात शिरतात, मदत करत्यात, पोळीच्या पिठाचे हात माझ्या पातेल्यात जात्यात. रत्नानं पातेलं लपवलं तर म्हणतात, काय गं, सासूचं भांडं शिवत बी न्हाईस का आमाला? तिची बिचारीची दोन्हीकडनं भाकर करपली.

आणि आता ज्यासाठी गेणभाऊकडं आले ते. भजनाला मी बसत न्हाई आता. गेल्या एकादशीला भजनाला बसले व्हते. उठायला उशीर झाला, साळू. बायांच्या मधे बसले व्हते. वाट मिळंस्तोवर उशीर झाला. सगळ्या भजन म्हणत ऱ्हायल्या, जरा मोठ्यानं. लुगडं रत्नानं धुतलं. कोणी तरी हसायला पाह्यजे व्हतं गं. मीच हसले असते दुसरीला.

हे लिहिताना गेणभाऊनं मान खाली घातली. म्हटलं, भाऊ, जन्मभर लोकांच्या मौतीच्या तारा वाटल्या तुमी, हे तर नुसतं म्हातारीचं पोट हाय. त्यो म्हणाला, “वहिनी, तार वाटताना मजकूर आपला नसतो.”

मी रोज रात्री देवाला सांगते, उद्या उठवलंस तर तुझी मर्जी, पण उठवलंच तर आधी पोटाला विचारून उठव. त्यो बी ऐकत न्हाई. त्याचा बी डावा कान गेला असंल.

नाचणी शेरभर पाठव. पायली नको, ठेवायची कुठं? अख्खी पाठव, गं बाई. ड्रायव्हरपाशी देताना पिशवीला फडकं गुंडाळ, म्हणजे घरी कोणी विचारलं तर सांगता येईल, बहिणीनं लग्नाचा आहेर पाठवला.

गोजरआक्का

*

पिंपरी पेंढार
१६ मे २००६

चि. साळूस, आशीर्वाद.

शेरभर नाचणी पोचली. अख्खी, खडे निवडलेली, वर बारीक चाळणीनं चाळलेली. विसरली नाहीस. आई असती तर तुझ्या पाठीत धपाटा घालून म्हणाली असती, आलं का भान.

आज लिहायला बाळासाहेब बसलाय. हा हिशेबाच्या वहीशिवाय कशात लिहीत नाही, त्यामुळे ओळी वाकड्या झाल्या तर समजून घे. मघाशी म्हणाला, “आई, मावशीला हे सगळं कशाला कळवायचं?” मी म्हटलं, अक्षरं तुझी, तोंड माझं. तू नुसता हात चालव.

लग्न चांगलं झालं. तू आली नाहीस ते बरं झालं, मांडवात ऊन फार होतं. कळंबची मंडळी समजूतदार आहेत. लापशी, आमटी, भात, सगळं पुरून उरलं. नवरी घरात आली तेव्हा माप ओलांडताना तिनं पाय इतका हलका लावला की तांदूळ सांडायचे राहिले, आणि सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. पोर चांगली आहे.

दुसऱ्या दिवशी तिच्या हातचं पहिलं जेवण. आपल्यातली रीत तुला ठाऊक आहे, नव्या सुनेनं वाढलेलं पहिलं ताट परत करत नाहीत. तिनं पुरणाची पोळी केली. डोक्यावरचा पदर सावरत माझ्यापुढे आली, मोठ्या आजेसासूचा मान म्हणून माझं ताट पहिलं. सगळी भाऊकी पंक्तीला. चांगदेवनाना समोर. कळंबच्या चार बाया दारात. श्रेया वाकून म्हणाली, “आजी, तुमच्यासाठी पातळ लाटलीय, दात न्हाईत ना.”

रत्ना आतल्या दारात होती. डोळ्यांनी नको नको म्हणत होती. बाळासाहेब वाढणाऱ्यांना पाणी आणा म्हणून सांगत होता, दुसरीकडे बघत.

बाळासाहेब थांबलाय. लिही रे. बघतच होतास दुसरीकडे. मी तुला बोल लावत नाही. मीच तुला शिकवलंय, चार माणसांत घरची गोष्ट बोलायची नाही.

मी पोळी खाल्ली, साळू. अख्खी. वर तिनं तूप वाढलं, तेही. आणि खरं सांगू? गोड लागली. किती दिवसांनी जिभेला लागली गं. एक घास तर मी डोळे मिटून खाल्ला. रोज ज्याला भ्यायचं, त्याला एकदा पोटभर भेटून घेतलं. मग पाव्हणे राहिले, सण राहिले, रोज एकेकाच्या घरून नव्या जोडप्याच्या जेवणाचं उरलंसुरलं आलं, आणि मी कोणाला नाही म्हटलं नाही. एकदा म्हटलं नाही तर दुसऱ्यांदा म्हणायला तोंड कुठलं?

मग आडवीच झाले. नारायणगावच्या दवाखान्यात सलाईन लावलं, शीर सापडेना म्हणून पायाला लावलं. पाय सुजून म्हशीसारखे झालेत. डॉक्टर बाळासाहेबाला बाहेर घेऊन गेले, आत येऊन तो म्हणाला, “बरं वाटंल म्हणाले.” खोटं बोलायला याला कधी जमलं नाही, लहानपणी गूळ खाऊन यायचा आणि ओठांना मुंग्या लागलेल्या असायच्या.

श्रेयाला कळलं तेव्हा ती माझ्या पायांशी बसून म्हणाली, “आजी, तुमी सांगायचं ना!” मी म्हटलं, पोरी, पहिल्याच दिवशी तुझ्या हातच्या पोळीला विष म्हणू? ती तेव्हापासून पोळी खात नाही. तिला सांगा कोणी, गहू माझ्याशी भांडलाय, तिच्याशी नाही. सुनांनी आता माझ्यावरून उपास धरायला लागावं एवढी काही मी देव नव्हते.

दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी याने काय केलं ते हा लिहिणार नाही, पण मी सांगणार आणि तो लिहिणार. याने टेम्पोतून माती आणली. गोठ्याशी ठेवलेले माझे तीन दगड उचलले. मागं पडवीत नाही नेले. पुढच्या अंगणात मांडले, तुळशीशेजारी, रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला पहिली दिसेल अशी चूल घातली. चार लोक बघतील म्हणून लपवली नाही, बघू देत म्हणून घातली. कोपरापर्यंत हात मातीत. बायकांचं काम, पण केलं. एक बाजू वाकडी झालीय, ती तशीच राहू दे म्हटलं.

चांगदेवनाना रस्त्यानं चालले होते. थांबले. “काय रे बाळ्या, आईला येगळं टाकलं का शेवटी?”

हा उठला नाही. मातीतच बसून म्हणाला, “व्हय नाना, टाकलं. आमच्यात ठेवून मारली, आता येगळी टाकून बघतो.”

नाना काठी टेकत गेले. संध्याकाळी त्यांच्याकडून परसातली भोपळ्याची भाजी आली, साधी, मीठ-तेलावरची. हिंग घातला नव्हता. त्यांनी कोणाला तरी विचारलं असणार.

हा पेन खाली ठेवून नाक पुसतोय. हेही लिही रे, मावशीला कळू दे.

चूल छान पेटते, साळू. खाटेवरून मला दिसते. तुझ्या नाचणीची भाकर रत्ना तिच्यावर भाजते, धूर माझ्यापर्यंत येतो, वास येतो, आपल्या घरासारखा. आई भाकर उलटताना बोट पोळलं की तोंडात घालायची, आठवतं? ते नाही विसरलीस ना. मी तो वास घेते आणि भाकरीचा तुकडा हातात धरून बसते. तोंडात घातला तरी गिळत नाही. चूल मिळाली तेव्हा भूक गेली. मी यावर काहीतरी हसण्यासारखं बोलायला शोधत होते, सकाळपासून सापडलं नाही.

कोणाला दोष देऊ नको. तुझ्या पिठानं काही झालं नाही, ते मनातून काढून टाक. रत्नानं पोळी मायेनं केली, शेजारणींनी बिस्किटं मायेनं आणली, श्रेयानं पोळी मायेनं पातळ लाटली. सगळ्यांनी मायेनंच केलं. म्हणून तर कोणाशी भांडता आलं नाही.

आता शेवटचं काम. नाचणी आणखी थोडी लागेल. पायलीभर पाठव. थांब गं, याने काय लिहिलं कोण जाणे. मी चिपटं म्हणाले, चिपटंभर, दोन ओंजळी. मला वाचता येत नाही, पण याचा हात बघता येतो. चिपटं म्हटलं तर हा क्षणभर थांबला आणि मग त्यानं दुसरंच काहीतरी लिहिलं. अश्विनी, तिथं पायली लिहिलेलं असलं तर ते माप बाळासाहेबाचं आहे. माझं माप चिपटं. त्याहून जास्त नको, या घरात नाचणी दुसरं कोणी खात नाही, मागं उरलेली म्हशीला जाईल.

दळू नको. आणि साळू, या खेपेला ड्रायव्हरपाशी देऊ नको. तो विसरतो. तुझ्या गुडघ्यांना एसटीत जागा होईल.

तुझी,
गोजरआक्का